एकदा हात हलू दे

दारावर पाटी होती. लाल रंगात, वीतभर उंच अक्षरांत: 'आधी टकटक करा. मग थांबा. आतून हं आला, तरच दार उघडा.' इतकी ठसठशीत पाटी आंधळ्यालाही हात फिरवून कळली असती. पण वाऱ्याला कुठे वाचता येतं? आणि त्या दुपारी वाऱ्याबरोबर जी मुलगी आली, ती त्याचीच धाकटी बहीण असावी. टकटक नाही, थांबणं नाही – धाडकन दार उघडलं, तिच्या पाठोपाठ पावसाची तिरकी सर आत घुसली, आणि टेबलावर वाकलेल्या माणसाच्या चिमट्यातला तुकडा उडाला.

"गेला!" तो माणूस म्हणाला. घरातलंच कुणी गेल्यासारखा आवाज.

"कोण गेलं?" तिने घाबरून विचारलं.

"कपॅसिटर."

"अय्या... केवढा होता?"

त्याने अंगठा आणि तर्जनी इतकी जवळ आणली, की मधून उजेडसुद्धा अंग चोरून गेला असता. "एवढा. म्हणजे, याच्या निम्मा."

त्या माणसाला सगळे बारीकराव म्हणत. अंगाने सहा फुटी, खांदे दारात अडकतील असे, पंजे फावड्यासारखे. पण धंदा सगळा बारीक. माणसं आजारी पडली तर डॉक्टरकडे जातात, यंत्रं आजारी पडली तर मेकॅनिककडे. पण आजार मोजणारी यंत्रंच आजारी पडली तर? विजेचे ठोके दाखवणारे ऑसिलोस्कोप, हवेतल्या लहरी मोजणारे अ‍ॅनलायझर – असली सगळी मोजमापवाली मंडळी बिघडली, की बारीकरावाच्या टेबलावर येऊन आडवी होत. त्यांच्या पोटात हिरव्या पट्टीवर, म्हणजे बोर्डावर, हजारो तुकडे बसवलेले असतात. खसखशीच्या दाण्याने ज्यांना 'धाकट्या' म्हणून हाक मारावी, एवढे. आणि अंगावर नाव नाही, आकडा नाही. एकदा हातून सुटला, की तो काय होता हे त्याचं त्यालाही सांगता येत नाही.

बारीकरावाच्या हाताच्या गोष्टी सांगताना लोक थकत नसत. एकदा म्हणे भूकंप झाला. शहरातली घड्याळं बंद पडली, पुतळ्यांनी पाय बदलले. बारीकरावाने तेवढ्या वेळात तीन रेझिस्टर बसवले, आणि भूकंप झाल्याचं त्याला दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रातून कळलं. यातलं खरं किती ते सोडा, पण त्याचा हात हलत नसे हे मात्र खरं. त्यामागे युक्ती होती. तुकडा चिमट्यात उचलल्यापासून जागेवर बसेपर्यंत तो श्वास घेत नसे आणि बोलत नसे. मोजून अकरा सेकंद. त्या अकरा सेकंदांत घराला आग लागली असती, तर बाराव्या सेकंदाला तो शांतपणे 'पाणी' म्हणाला असता.

"आता काय करायचं?" तिने विचारलं. केसांतून पाणी ठिबकत होतं.

"खाली बसा. हलकेच. आणि ती टेबलावरची बॅटरी जमिनीला टेकवून आडवी धरा." तो आधीच गुडघ्यांवर आला होता. "उजेड आडवा पडला, की कणाचीही सावली लांब पडते."

"म्हणजे वस्तू शोधायचीच नाही? सावली शोधायची?"

"हं."

दोघं जमिनीला गाल लावून शोधू लागले. ब्रशचा एक केस सापडला. कंगव्याचा दात सापडला. त्याच्या आत्याच्या कुडीतला, वर्षभरापूर्वी हरवलेला आणि ज्यापायी तीन शेजारणींशी अबोला झालेला खडा सापडला. कपॅसिटर काही सापडेना. शेवटी बारीकरावाने मान वर केली, तर बॅटरीच्या उजेडात तिचा चेहरा. तो बघतच राहिला.

"हलू नका," तो म्हणाला.

"का? पाल आहे?"

"भुवईत आहे."

"पाल?!"

"कपॅसिटर."

तो चिमटा घेऊन जवळ आला. श्वास रोखलेला. एवढा थोरला चेहरा, आणि चिमट्याची टोकं मात्र पापणीलाही न कळतील अशी हलकी.

"तुम्ही श्वास घेत नाही आहात," ती पुटपुटली.

चिमटा भुवईला टेकला.

"बरं आहे ना तुम्हाला?"

चिमट्याची टोकं मिटली.

"इतक्या जवळून मला आजवर फक्त दातांच्या डॉक्टरने बघितलंय..."

तुकडा डबीत पडला. झाकण लागलं. मग बारीकरावाने भला मोठा श्वास सोडला आणि म्हणाला, "नशीबवान आहे दातांचा डॉक्टर."

बोलून गेल्यावर तो स्वतःच चपापला. आतल्या खोलीतून खोकल्याचा आवाज आला, मग हलक्या आवाजात, "अगंबाई! बोलला की!" ती आत्या. आई गेल्यापासून बारीकरावाला तिनेच वाढवलं होतं. यंत्रं घेणं, पावत्या लिहिणं आणि गिऱ्हाइकांना बोलणं, तिन्ही खाती तिच्याकडे.

मुलगी लाजली, मग हसली, मग आपण इथे का आलो ते आठवून तिने डोक्याला हात लावला. "मला खरं तर बाजूच्या दुकानात जायचं होतं. पिशव्या शिवणाऱ्याकडे. पट्टा तुटलाय." तिने खांद्यावरची पिशवी खाली ठेवली. आत काहीतरी खुळखुळलं. बारीकरावाचे कान टवकारले.

"आत काय आहे?"

"अ‍ॅनलायझर. तसा चांगलाय. फक्त मधूनमधून खोटं बोलतो."

"ठेवून जा त्याला."

"अहो पण मी पट्ट्यासाठी–"

"पट्टा तुटला तर पिशवी पडेल. हा खोटं बोलला तर तुम्ही पडाल."

तिने त्याच्याकडे जरा निरखून पाहिलं आणि पिशवी टेबलावर ठेवली.

ती टॉवरवाली होती. फोनचे उंच लोखंडी टॉवर चढायचे, वर कमरेच्या पट्ट्याने स्वतःला टांगून घ्यायचं, आणि अ‍ॅनलायझर लावून बघायचं की कुठल्या लहरी कुठे धावताहेत. ती ढगात काम करायची, तो भिंगाखाली. पण उत्तरेचा वारा आणि दक्षिणेचा वारा भेटतात तेव्हाच पाऊस पडतो, असं आत्या म्हणाली. हवामानशास्त्रात हे बसतं की नाही कुणास ठाऊक.

अ‍ॅनलायझर चार दिवसांत खरं बोलू लागला. पण टॉवरवालीच्या हातात आता रोज काही ना काही बिघडू लागलं. केबल, बॅटरी, सहकाऱ्याचा मीटर, सहकाऱ्याच्या सहकाऱ्याचा मीटर. "या पोरीने शहरातली सगळी यंत्रं मोडून काढली तरी मी पावती लिहीन," आत्या म्हणे, आणि दोन कप जास्त चहा टाके.

एकदा टॉवरवाली भिंगातून बघत होती. बारीकरावाने गरम हवेची नळी धरली होती. हिरव्या पट्टीवर तुकडे जोडणारं सोल्डर वितळलं, चकाकलं, आणि जरा तिरका ठेवलेला तुकडा आपोआप सरकून नीट बसला.

"अय्या! ढकललंत तुम्ही?"

"नाही. ढकलायचं नसतंच. नुसतं जवळ न्यायचं आणि ऊब द्यायची. सोल्डर वितळलं की तेच ओढून घेतं."

"असं..." ती भिंगावरून डोळा न काढता म्हणाली. "आणि एकाच बाजूला ऊब लागली तर?"

"मग तो त्या टोकावर उठून उभा राहतो. दुसरं टोक सुटतं."

"म्हणजे दोन्हीकडे सारखी लागायला हवी."

"एकाच वेळी."

"कठीणच आहे म्हणायचं, बारीकराव."

तो लाल झाला. सहा फुटी माणूस लाल व्हायला बराच वेळ लागतो. कानांपासून सुरू झालेली लाली गळ्यापर्यंत पोचली तेव्हा ती छत्री उघडून निघूनही गेली होती.

मग तिला त्या अकरा सेकंदांचा शोध लागला. तुकडा चिमट्यात असताना हा माणूस अडवू शकत नाही, हसू शकत नाही, विषय बदलू शकत नाही! मनातलं सांगायला याहून चांगली जागा जगात कुठे मिळणार? ती टेबलापलीकडे स्टुलावर बसे आणि त्याने श्वास रोखला की बोलू लागे.

"मला उंचीची भीती वाटते. रोज. पहिल्या तीन पायऱ्या डोळे मिटून चढते."

अकरा सेकंद संपत. तुकडा बसे. तो श्वास सोडून म्हणे, "चौथ्या पायरीला का उघडता?"

"तोवर परत फिरायला लाज वाटते."

पुढचा तुकडा. "आईला सांगितलंय मी ऑफिसात बसते."

"त्यांना कळलं असेल."

"कशावरून?"

"ऑफिसात बसून कुणाच्या नाकाची उन्हाने सालं निघत नाहीत."

ते अकरा-अकरा सेकंदांचं बोलणं त्याला इतकं आवडू लागलं, की एका तुकड्याने काम भागत असेल तिथे तो शेजारचे दोनही बदलू लागला. आत्याला सगळं दिसत होतं. "मेल्या, त्या भिंगातून तुला मुंगीच्या पायातलं पैंजण दिसतं," ती म्हणाली, "आणि समोर बसलेली अख्खी पोरगी दिसत नाही?"

"दिसते गं."

"मग बोल ना तिच्याशी!"

"हे एवढं बोर्ड झालं की बोलतो."

बोर्ड झालं. दुसरं आलं. तेही झालं. आपल्याकडे वेळ आहे असं माणसाला वाटत असतं, आणि वेळेला ते कुणी कळवलेलं नसतं.

एका दुपारी, बाहेर पाऊस नुसता भुरभुरत होता, तिने चिमटा उचलला जाण्याची वाट बघितली आणि म्हणाली, "माझं लग्न ठरलं होतं. मागच्या वर्षी. आमच्या टॉवरवाल्यांतलाच होता. बोलायचा इतकं छान, की खांबालाही पाझर फुटावा. एकदा मी वर होते, दोर त्याच्या हातात. पाय घसरला... खाली बघितलं, तर हा एका हाताने फोनवर बोलत होता. दुसऱ्याच कुणीतरी धावून दोर धरला. तेव्हापासून मी माणसाचं तोंड बघत नाही. हात बघते."

त्या दिवशी तुकडा बसल्यावर बारीकराव चिमटा खाली ठेवून तिच्याकडे वळला. मग दोन्ही पंजे टेबलावर पालथे ठेवून म्हणाला, "मग माझे बघ."

त्याने पहिल्यांदाच तिला अगंतुगं केलं होतं. तिने बघितले. एका बोटावर भाजल्याचा जुना डाग होता, त्यावर तिने करंगळी टेकवली आणि लगेच उचलली. "हलत नाहीत," ती हळूच म्हणाली. "असा हात दोराला हवा."

त्या दिवशी तो बोलला असता तर ही गोष्ट इथेच, हसतखेळत संपली असती. पण सोल्डर थंड व्हायच्या आत पुढचं काम हातात घ्यायची त्याला सवय होती.

पुढच्या महिन्यात दूरच्या बेटांवर नवे टॉवर उभे राहणार होते. तीन वर्षांचं काम. टॉवरवालीचं नाव यादीत लागलं. कंपनीचा नियम साधा होता: ज्याचं यंत्र चालू आणि तपासलेलं, तोच जाईल, नाहीतर त्याच्या जागी राखीव यादीतला माणूस. आणि नेमका त्याच आठवड्यात टॉवरवर वीज पडली. ती खाली होती म्हणून वाचली, यंत्र वर होतं म्हणून जळलं.

"एक तुकडा गेलाय," बारीकराव म्हणाला. "फिल्टर. नवा मागवला तर दीड महिना. माझ्याकडे एका मेलेल्या यंत्रातून काढलेला एकच आहे."

"एकच?"

"एकच."

"मला बुधवारी निघायचंय," ती म्हणाली आणि त्याच्याकडे बघत राहिली. तो यंत्राकडे बघत होता.

"मंगळवारी मिळेल," तो म्हणाला.

तिला हवं असलेलं उत्तर हे नव्हतं. पण त्याला वाटलं, आपण तिच्यासाठी केवढं करतोय! चार दिवस त्याने त्या बोर्डावरून काजळी पुसली, तुटलेल्या रेघा केसाएवढ्या तारेने जोडल्या. प्रेम असंच करायचं असतं अशी त्याची समजूत होती: समोरच्याचं मोडलेलं नीट करून द्यायचं. ती मोडलेली वस्तू तिला जोडून हवी आहे का, हे मात्र त्याने विचारलं नाही.

मंगळवारी दुपारी दारावर टकटक झाली. आत्या उडालीच. "कोण बाई हे शहाणं माणूस?"

"हं," बारीकराव म्हणाला.

दार हळूच उघडलं. टॉवरवाली होती. ती स्टुलावर बसली. सगळं तयार होतं. चिमटा उचलायचा तेवढा बाकी.

"हा शेवटचा ना?"

"हो. जरा वेळ लागेल याला. खालून सहा टेकू आहेत. वीस सेकंद तरी."

"वीस," ती म्हणाली. "पुरतील."

त्याने मनगटाला पट्टी बांधली. अंगातली वीज तुकड्याला लागू नये म्हणून ती पट्टी एका तारेने टेबलाला जोडलेली असे. मग श्वास घेतला, रोखला, आणि तुकडा उचलला.

"बारीक," ती म्हणाली. राव गळून पडला होता. "हा बसला तर मी उद्या जाणार. पडला तर राहणार. मला जायचं नाहीये रे... पण थांब असं कुणी तोंडाने म्हटलेलं मला पुरणार नाही. तोंडं मी ऐकलीत. एकदा... फक्त एकदाच, हात हलू दे."

त्याने सगळं ऐकलं. शब्दन् शब्द. छातीत कोंडलेल्या श्वासाला पंख फुटले. वाटलं, आता छप्पर घेऊनच उडणार. सांगतो, तो मनात म्हणाला. हा ठेवतो आणि सांगतो. दोनशे वेळा असंच तर झालं होतं! ती बोलायची, तो तुकडा बसवायचा, मग उत्तर द्यायचा. या वेळी तुकडा बसवणं हेच उत्तर आहे, हे त्या भल्या माणसाच्या ध्यानातच आलं नाही. मन तिच्याकडे धावलं होतं, हात मात्र नेहमीच्या वाटेने निघाला होता, सरळ, संथ, केसभरही न चुकता. तुकडा टेकला. गरम हवा लागली. सोल्डर चकाकलं. तुकडा किंचित सरकला आणि इतका सुबक बसला, की कारखान्यातही बसला नसता.

"नको जाऊस!" श्वासाबरोबर त्याच्या तोंडून शब्द फुटले.

त्याने मान वर केली. ती त्याच्या तोंडाकडे बघतच नव्हती. हाताकडे बघत होती.

"बसला," ती म्हणाली.

"अगं, मी म्हटलं ना, नको जाऊस!"

"ऐकलं मी. तुला माझं ऐकू येत होतं?"

आता इथे 'नाही' म्हटलं असतं तर! एवढासा शब्द, अर्ध्या सेकंदाचा. पण खोटं बोलणारी यंत्रं दुरुस्त करण्यात जन्म गेलेल्याला स्वतः कुठे जमणार?

"येत होतं," तो म्हणाला.

"सगळं?"

"सगळं."

"आणि हात हलला नाही."

"माझा हात... माझा हात कधी हलतच नाही गं. तुला माहितीये."

"माहितीये, म्हणूनच मागितलं. कधी कुणाला दिलं नाहीस, ते मागितलं."

तो ताडकन उठला. मनगटाची पट्टी खेचली गेली, टेबल हिसकलं, चहाचा कप फुटला, स्क्रूंची डबी सांडली. फक्त तो तुकडा जागचा हलला नाही. "काढतो!" तो ओरडला. "अजून गरम आहे, आत्ता काढतो, हे बघ–"

तिने त्याच्या मनगटावर हात ठेवला. "नको, बारीक. तेव्हा पडला असता तर हात घाबरलाय असं कळलं असतं मला. आता तोंड घाबरलंय." तिचे डोळे भरून आले होते, आणि आवाज मात्र टॉवरवर असतो तसा, सावकाश. "तपासून दे. कागद लिहून दे. मला बॅग भरायचीय."

त्याने यंत्र तपासलं. एकही आकडा चुकला नाही. एखादा तरी चुकावा म्हणून त्याने तीनदा मोजलं. मग कागदावर तारीख घातली आणि सही करायला पेन टेकवलं, तर पेन चालेना. हात हलत होता. मनगटापासून बोटांपर्यंत, पानासारखा थरथरत होता. सही अशी उमटली, की मांजर शाईत पाय बुडवून कागदावरून गेलं असावं. त्याने वर बघितलं. ती पाठमोरी उभी होती, खिडकीच्या काचेवरून ओघळणारं पाणी बघत. त्याने हाक मारायला तोंड उघडलं... आणि मग वाटलं, तोंडच ना हेही. तिने वळून कागद घेतला, न बघताच घडी घातली आणि गेली. जाताना दार अगदी हळू लावलं. टेबलावरचा एक कणही उडाला नाही.

आत्या आतून आली. फुटलेला कप बघितला, भाच्याचा चेहरा बघितला. एरवी तिने शंभर बोल सुनावले असते.

"उद्या किती वाजता निघते?" तिने एवढंच विचारलं.

"सातला."

"मग सहाला जा."

तो पाचलाच गेला. पण टॉवरवाल्यांची गाडी कंपनीच्या भलत्याच फाटकातून सुटत होती, आणि ते फाटक सापडेपर्यंत सात वाजायला आले. असं म्हणतात, की त्या सकाळी तो इतक्या जोरात धावला, की वाटेतल्या डबक्यांतलं पाणी दुपारपर्यंत खाली आलं नाही. ती खिडकीत होती. तो खाली उभा राहिला, धापा टाकत, चिंब.

"मी थांबेन," तो म्हणाला. "तीन वर्षं."

"नको रे," ती म्हणाली. "थांबायलाही तुला फार छान जमेल. हात न हलवता."

"तुला राग आलाय."

"राग असता तर सोपं होतं. तू वाईट असतास, तर आणखी सोपं होतं." तिने ओठ मुडपले, हसायचा प्रयत्न केला. "पहिल्या तीन पायऱ्या डोळे मिटायचे असतात, बारीक. चौथीला उघडीन मी."

गाडी हलली. ती खरोखरच डोळे मिटून बसली होती. उघडले तेव्हा वळण आलं होतं.

तीन वर्षं गेली, ती आली नाही. चौथ्या वर्षी आत्याच्या नावाने पत्र आलं. बेटावर वारा फार आहे, पण सवय झाली. इथेच राहायचं ठरवलंय. एक जण आहे, बोलायला अगदीच यथातथा, पण दोर धरतो तेव्हा घामाने त्याचा सदरा भिजतो. बारीकला सांगा, यंत्र अजून एकदाही खोटं बोललं नाही.

आत्याने पत्र मोठ्याने वाचलं. शेवटची ओळ ऐकून बारीकरावाने मान हलवली. काम चोख झालं होतं, यात वादच नव्हता.

हल्ली गिऱ्हाइकं कुरकुर करतात. पूर्वी एका दिवसात होणाऱ्या कामाला आता चार दिवस लागतात. कारण तुकडा चिमट्यात असताना कुणी बोललं – टपालवाला, पत्ता विचारणारा, चुकून दार उघडणारा – की बारीकराव चिमटा उघडतो. तुकडा पडतो. तो मान वर करून म्हणतो, "बोला."

परवा असंच झालं. एक दुर्मीळ तुकडा, महिनाभर वाट बघून मिळालेला, चिमट्यात होता. आत्याने आतून विचारलं, "साखर एक चमचा घालू की दोन?"

तुकडा पडला. "एक," तो म्हणाला.

आत्या तरातरा बाहेर आली. "अरे मेल्या, साखरेसाठी पाडलास? दहा सेकंद थांबली असती की साखर!"

"किती सोपं आहे बघ, आत्या," तो आपल्या बोटांकडे बघत म्हणाला. "काही करावं लागत नाही. नुसती सैल सोडायची."

आत्याने बॅटरी जमिनीला आडवी धरली, तुकडा शोधला आणि त्याच्या डबीत टाकला. ती चहा गाळायला आत गेली, आणि बराच वेळ बाहेर आली नाही.